शेवटची ओळ चालते

पुंता आरेनास, जुलै. सकाळचे नऊ, अजून काळोख.
सामुद्रधुनीवरून आलेल्या वाऱ्याने रात्री तारा तोडल्या
आणि एक हजार चारशे बारा दिवस डोळा न लागलेला
बंदराचा सर्व्हर
झोपला.

वीज आली. तो उठेना.

धक्क्यावर अकरा होड्या, पोटात सेंतोयाचे लाल खेकडे.
खिडकीशी नेल्दा मान्सिया जुन्या वहीत
किलो उतरवून घेतेय, पेन्सिलीला थुंकी लावून.
"यास्ना, अजून किती वेळ?"
मी तुमची फाइल वाचतेय, एवारिस्तो.

सातशे तीस ओळी.
निम्म्यांच्या पुढे हॅश, म्हणजे सर्व्हरने वाचायच्या नाहीत,
माणसांनी वाचायच्या.
"कनेक्शनं शंभरच. वाढवलीत तर गाठ माझ्याशी."
"हे का चालतं माहीत नाही. हात लावू नये."
"मार्ताला ताप. बाकीचं उद्या."
तो उद्या फाइलीत मला कुठेच सापडला नाही.

मग बफर. एकच नाव तीनदा.
वर आठ. मध्ये बारा.
आणि पार तळाशी, जिथवर कुणी उतरत नाही,
अठ्ठेचाळीस.
शेजारी तुमच्या अक्षरात – फाइलीला कुठलं अक्षर,
पण मला ते तुमचंच दिसलं –
"नवी मेमरी मंगळवारच्या बोटीने येतेय."

सर्व्हर हुज्जत घालत नाही.
वरून खाली वाचत येतो, शेवटची ओळ चालते.
पण वाचतो कधी? उठताना, एकदाच.
चार वर्षं होत आली, तो आपला बारावर जगत होता
आणि फाइलीत अठ्ठेचाळीस.
बोट आली असेल. मेमरी आली नाही.
तुम्ही निवृत्त झालात, केक जरा कोरडाच होता,
मशीनमध्ये बत्तीस होते ते बत्तीसच राहिले,
आणि ती ओळ तळाशी बसून राहिली
कोट घालून, तिकीट हातात धरून.

आज पहाटे त्याने पहिल्यांदा
तुमचा शब्द खरा मानला.

मी आधी प्रत काढली.
(प्रत काढल्याशिवाय शिंकायचंसुद्धा नाही, हे तुमचंच.)
तुमची ओळ खोडली नाही. पुढे एक हॅश ठेवला,
खाली लिहिलं: बारा. तारीख. य. कु.
आणि कारण. कारण लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

पंखे घोंघावले. नेल्दाने वही मिटली नाही,
तिचा अजून विश्वास नव्हता.
बाहेर दहाच्या सुमाराला उजाडलं.

दुपारी चौकात, माणसं उडू नयेत म्हणून बांधलेला दोर
एका हाताने धरून तुम्ही उभे, काखेत पाव.
"सगळं ठीक?" तुम्ही ओरडलात.
"ठीक!" मी ओरडले, "बारावर ठेवलंय!"
वाऱ्यात तुम्हाला काय ऐकू गेलं कोण जाणे.
मान हलवून म्हणालात,
"मंगळवारी? बरं, बरं."