हळद्या

तेवीस वर्षं मी यार्डात काट्याच्या चिठ्ठ्या लिहिते,
पोती, वजन, हमाली, तोलाई.
चिठ्ठीच्या पाठीवर कधी एखादी चिमणी,
कधी झोपलेल्या हमालाचा कान.
कान मला बरे जमतात.

एक्कावन्नाव्या वर्षी भाच्यानं, अकलंकनं,
त्याचा जुना टॅब्लेट दिला
आणि एक पेन, ज्यात शाईच नाही.
"आत्या, थर कर. खाली आभाळ, वर फांदी,
फांदीवर पक्षी.
एकाला धक्का लागला तरी दुसऱ्याला कळत नाही."
असं घर मी अजून पाहिलेलं नाही.

पहिला हळद्या लाइट गेली तेव्हा गेला.
दुसरा सापडतो, पण उघडत नाही.
तिसऱ्याला नाव दिलं 'शेवटचा',
मग 'शेवटचा खरा',
मग 'शेवटचा खरा, चोच गुलाबी'.

कवठेपिरानच्या शाळेला पक्ष्यांची पुस्तिका हवी होती,
आठ पानं, फुकट काढणारं कुणीतरी.
हरभट रोडच्या मागच्या बोळात इलाही शिकलगारांचं प्रेस.
त्यांनी फाईल उघडली, चष्मा वर केला:
"ताई, ह्यो पिवळा काचेतला हाय.
कागदात असला पिवळा नसतोय."
मी पिशवीतून पुडी काढली, राजापुरी,
सकाळच्या सौद्यातली.
हा पाहिजे, म्हटलं.
त्यांनी चिमूटभर कागदावर अंगठ्यानं चोळली,
भिंगातून बघितली बराच वेळ.
"चार प्लेटांत बसायची न्हाई ही."

आणि चारी बाजूंनी तीन मिलिमीटर जास्त काढा, म्हणाले,
कटिंगला जाणार ते.
म्हणून घरी येऊन मी
कापली जाणार ती फांदी काढली.
तिच्यावर मुंगळे काढले, तीन, एकाच्या तोंडात काहीतरी.
कुणी बघणार नाही म्हणून
माप कमी घालायची सवय नाही हाताला.

प्रूफ आलं तर नाव मोडलेलं.
त्यांच्या मशीनला माझा फाँट कळेना.
एकीकडे 'हळद', मग पाय मोडलेला 'द्',
आणि लांब, एकटं 'या'.
हळद… या.
जणू दारात उभं राहून कुणी बोलावतंय
चैत्रातल्या हळदीकुंकवाला.
मला असं बोलावून अकरा वर्षं झाली.
मी म्हटलं, एक दिवस राहू द्या तसंच,
दुरुस्त उद्या करू.
शिकलगारांनी कारण विचारलं नाही.

छपाईच्या दिवशी पहिले पन्नास कागद हिरवट आले.
निळा कुठूनतरी पाझरत होता.
ते मशीन थांबवायला धावले, कपाळाला शाई.
असू द्या, म्हटलं, मादी आहे.
मादी हिरवटच असते हळद्याची.
"काय पण सांगता," म्हणाले,
पण बटणावरचा हात थोडा सैल पडला.

रंग जुळेपर्यंत ते रद्दीचे कागद घालतात,
आधी कशाकशाला छापलेले.
त्यातल्या एकावर कुठल्या पतसंस्थेचा ताळेबंद होता,
आणि 'येणे बाकी'च्या रकान्यात
माझा पक्षी बसलेला,
एक पाय सतरा हजारांवर,
दुसरा टिंबानंतरच्या पैशांवर.
सुटून आलेला, थोडा हललेला,
चोचीला अजून एक चोच.
इतका जिवंत मला तो कधी काढता आला नव्हता.

"त्यो खराब हाय, ताई. चांगला घ्या की."
चांगले शाळेत जातील, म्हटलं.

घडी पडू नये म्हणून
सबंध आयर्विन पूल मी तो दोन्ही हातांत धरून आणला.
वारा होता. शाई ओली होती.
अंगठ्याला लागली.

दुसऱ्या दिवशी यार्डात कुणी काही विचारलं नाही.
तिथे सगळ्यांचेच अंगठे पिवळे असतात.