फूल

होमस्टेडच्या दवाखान्यातून आलेली ताटली, गुरुवारची.
झाकणावर नाव: डी. चोक. उजवा डोळा.
आगरवर डॉक्टरांनी पात्याने ओढलेल्या
तीन चंद्रकोरी,
आणि शनिवारी सकाळी त्या कोरींवरच
रेष न सोडता पांढरा कापूस.
रेषेबाहेर उगवलं असतं तर म्हटलं असतं,
हवेतलं काहीतरी, टाकून द्या.
पण हे रेषेवर आहे. हे तिच्या डोळ्यातलं आहे.

चिकटपट्टीने थोडं उचललं, निळ्या रंगावर टेकवलं.
भिंगाखाली विळे.
खरंच विळे, बारीक, वाकडे, इतस्तत:,
कापणी अर्धी टाकून कुणी भाकरी खायला गेल्यासारखे.
फ्युझेरियम.
मातीत असतं, ताडाच्या झावळीवर असतं,
टोमॅटोच्या मुळाशी, मोरीच्या जाळीत.
त्याला डोळा नको असतो.
डोळा त्याच्या वाटेत येतो.

फॉर्मवर कारणाच्या रकान्यात घाईघाईत:
पाम नर्सरी. झावळी लागली. अकरा दिवस.
खाली वेगळ्या शाईत:
बाजारातले थेंब, स्टेरॉइड.
मला ते अकरा दिवस वाचता येतात.
पहिल्या दिवशी फक्त खुपलं असणार.
गॉगल होता, पण फ्लोरिडाच्या दमटात तो धुकटतो,
कपाळावर चढवलेला असणार.
मग रविवारच्या बाजारातली ती बुटकी बाटली.
लाली गेली, ठणका गेला,
म्हणाली असणार, उतार आहे.
आत तेवढ्यात पहारा उठला होता.

आमच्याकडे करमाळ्याला
डोळ्यात गव्हाचं कुसळ गेलं की सोजरबाईकडे नेत.
ती दोन बोटांनी पापणी उलटायची
आणि जिभेच्या टोकाने कुसळ काढायची.
तोंडाला मिश्रीचा वास.
बहुतेकांचं बरं व्हायचं.
ज्यांचं नाही व्हायचं, त्यांना म्हणत, फूल पडलं.
हरिबा गुरवाला पडलं होतं, बुबुळाच्या मधोमध.
मी अगदी जवळ जाऊन बघायची,
मोगरा की तगर.
आता मला कदाचित नाव सांगता येईल.
हरिबा नाही.

औषध दुधाळ, बाटली हलवून घालायचं.
नाटामायसिन. दर तासाला थेंब, रात्रीसुद्धा.
डोळ्यात तेल घालून जागणं ऐकलं होतं,
हे असं, गजर लावून, चौघींच्या खोलीत,
पहाटे पाचची गाडी चुकवायची नाही
आणि गजराने बाकीच्या तिघींना उठवायचंही नाही.
मी ताटल्यांची बाई. मला पेशंट दिसत नाही.
फोनवर एवढंच सांगते: बुरशी आहे,
स्टेरॉइड बंद करा.
पलीकडचा नवा डॉक्टर म्हणतो, स्पेलिंग सांगा.

त्याच आठवड्यात, किसलेल्या चीझच्या पाकिटावर
बारीक अक्षरांत तेच नाव दिसलं.
चीझला बुरशी धरू नये म्हणून घालतात.
मी पाकीट धरून उभी.
मागच्या बाईने विचारलं, तुमचं झालं का?
तीन डॉलरच्या आत होतं.
डोळ्याच्या बाटलीची किंमत मला ठाऊक आहे.
घेतलं नाही. मग परत जाऊन घेतलं.

ऑक्टोबरात एक डबी आली.
दात्याच्या पारपटलाची कड, नेहमीसारखी तपासायला.
मधली टिकली कापून कुणाला तरी लावलेली,
उरलं होतं ते कडं,
बाहुलीच्या बांगडीएवढं, मऊ.
फॉर्मवर: डी. चोक, उजवा.
म्हणजे थेंबांनी भागलं नव्हतं.

सात दिवस ठेवलं.
रोज आल्या आल्या, डबा फ्रीजमध्ये ठेवायच्याही आधी,
तीच ताटली उजेडासमोर.
सातव्या दिवशी लिहिलं: वाढ नाही.
गावी कुणाच्या पिकाबद्दल हे बोलले असते
तर भांडण झालं असतं.
सही केली.
कडं लाल पिशवीत टाकलं,
हात धुतले, आणि धुताना
डोळा खाजला, तो तसाच खाजू दिला.