चार

रामबागेत आमच्याकडे पत्रं यायची:
ती. बाबांस शि. सा. न.
कुणी कधी अडखळलं नाही.

वॉर्डात मात्र
डॉक्टरांनी घाईत
इन्सुलिनच्या चारपुढे यू काढला,
त्याचं तोंड वर मिटलं.
मी वाचलं चाळीस.

सिरिंज भरता भरता हात थबकला, इतकंच.
फोन लावला.
‘अहो सिस्टर, चार! चार युनिट!’
अकरा नंबरवर खासगीवाले आजोबा
शेजारच्याला सांगत होते,
सराफ्यात गराडू कसे तळतात.

तेव्हापासून ‘युनिट’ मी अख्खं लिहिते.
नव्या मुली हसतात, शाई संपेल म्हणतात.

परवा त्यांच्या नातीची पत्रिका आली.
आजोबांच्या नावाआधी काय छापलंय,
बोट ठेवून दोनदा वाचलं:
श्री.