भाग्या, ओसाकाला जाशील तेव्हा

बस. माग बंद करतो, नाहीतर ऐकू यायचं नाही.
अकरा दिवस होतो मी तिथं, चंद्रय्या शेठच्या टॉवेलांबरोबर,
प्रदर्शनात घड्या घालायला माणूस पाहिजे होता म्हणून.
अकरा दिवसांत माणूस काय शिकतो?
पण साखर पेठेत दुसरं कोण गेलंय सांगायला?

आधी खायचं.
दुकानाच्या काचेत भात, मासा, शेवया मांडलेल्या असतात.
भुलू नको, प्लॅस्टिकच्या असतात.
बोट दाखवायचं, खरं आतून येतं.
गल्लीच्या तोंडाला पोरं आप्पे उलटताना दिसतील,
मामीचं मनगट फिरायचं तसंच फिरतं त्यांचं,
फक्त आत ऑक्टोपस.
मला दोन खाल्ल्यावर कळलं.
उरलेले चारही खाल्ले. पैसे दिले होते.

काडीला टोचून तळलेलं मिळतं, रस्सा सगळ्यांत एक.
काडी एकदाच बुडवायची.
दुसऱ्यांदा बुडवली की म्हातारा ओरडतो
आणि अख्खं दुकान वळून बघतं.
मला कसं माहीत, ते सोड.

उठताना टेबलावर पैसे ठेवू नको.
मी ठेवले, तर पोरगी मागं धावत आली,
मला वाटलं काहीतरी चुकलं आपलं,
दोन चौक पळालो.
तिनं गाठलंच. वाकून नाणी परत दिली.

आणि बसल्या बसल्या एक गरम ओला टॉवेल देतात,
वीतभर, हात पुसायला.
मी पुसले नाहीत.
उलटा केला, किनार पाहिली, नखानं लूप ओढून पाहिला.
शेठ कानात म्हणाले, हात पूस की बे, लोक बघुलालेत.
आपला नव्हता.
वीण चांगली होती, खोटं कशाला बोलू.

खरेदीला छपराखालची गल्ली आहे,
आपल्या दहा नव्या पेठा एकापुढं एक जोडल्यासारखी.
शंभर येनच्या दुकानात पिशवी न घेता जा,
दोन हातांत मावेल तेवढंच घे.
मी मामीला नेलकटर आणलं होतं.
मामी गेली. त्याची धार अजून गेली नाही.

शेंगा चटणी ने, दोन किलो तरी.
रात्रभर उघडी दुकानं असतात, तिथं भाताचे तिकोनी गोळे मिळतात.
कागद सोड, वर चटणी भुरभुर,
आणि फुटपाथवर चालत खाऊ नको, उभी राहून खा.

आई आत गेली का? मग रात्रीचं सांगतो.
कालव्याच्या पाण्यात लाल-निळे दिवे हलतात,
भिंतीवर घराएवढा खेकडा पाय हलवतो,
गड्ड्याची जत्रा उठायचीच विसरली असावी तसं.
पाच स्टुलांचं दुकान असतं. पाचात एक मी.
शेजारचा सूटवाला माझ्या खांद्यावर झोपला.
उठवू कसा? कुठल्या भाषेत?
शेवटची गाडी बाराच्या सुमाराला जाते, हे ध्यानात ठेव.
माझी गेली.
टॅक्सीचं भाडं विचारलं आणि चालत निघालो.

हॉटेलात तरी कुठं झोप लागायची!
मागाची खटखट नाही,
कानात नुसता कापूस कोंबल्यासारखी रात्र.
मोबाइलमध्ये आवाज भरून ने.
हसुलालीस काय? ने म्हणतो ना.

तू तर तीन वर्षं चाललीस,
परक्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालायला, अंग पुसायला.
रोज टॉवेल हातात येईल.
आधी त्यांचं अंग पूस, मग किनार बघ.
आपला निघाला तर कळव.
नाही निघाला तरी कळव.

अजून एक सांगायचं होतं, त्या सूटवाल्याचं...
थांब.
नळ सूं करुलालाय, पाचव्या दिवशी आलंय पाणी,
ती मोठी घागर घे,
पळ.