ट्रायल

लोको शेड सुटून सहा वर्षं झाली
तरी हाताची खोड जात नाही.
घरात यंत्र आलं
की आधी रजिस्टर काढायचं, मग यंत्र.

मे महिना, मंगळवार, दुपार.
हँडसेट काळा. वजन द्वारकानं स्वयंपाकघरातल्या काट्यावर केलं,
पाच लिंबांहून थोडं जास्त भरलं.
हरपालाणी दुकानात म्हणाला होता,
'काका, हा अनलॉक्ड पीस आहे,
कुठल्या कंपनीला बांधलेला नाही. वाट्टेल ते सिम घाला.'
मी नोटा मोजता मोजता थांबलो.
चौतीस वर्षं माझ्याकडे जे जे होतं,
टोकन, क्वार्टर, पास, रात्रपाळी,
सगळ्यावर कुणाचा ना कुणाचा शिक्का.
अख्ख्या भुसावळात कुणालाच न बांधलेलं
मी एक यार्डातलं कुत्रं तेवढं पाहिलेलं.

एका ट्रेमध्ये दोन सिम: एक माझं, एक तिचं.
इतक्या जवळ आम्ही बऱ्याच वर्षांत नव्हतो.
रेंज तिलाच जास्त.

होकायंत्र उत्तर दाखवतं.
खात्रीसाठी गच्चीवर गेलो.
तापी तिकडे, दीपनगरची चिमणी इकडे.
बरोबर आहे.
पण हे मला विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

चाकाला हातोडी मारून आम्ही आवाज ऐकायचो,
तडा गेलेलं चाक खोटं बोलत नाही.
ह्याला कुठं ठोकू?
टिचकी मारली, तर कॅलेंडर उघडून बसला.

भरिताचं वांगं आणलं होतं, बामणोदचं.
फोटो काढला. फोटोतलं वांगं
वांग्यापेक्षा हिरवं आलं.
शेरा: दुरुस्ती सांगितली नव्हती.

माईकवर बोललं की तो लिहितो म्हणे.
द्वारका पारोळ्याकडची, ती माहेरचं बोलली,
'तुले भूक लागनी का?'
त्यानं लिहिलं, 'तुला बुक लागणार का'
आणि नाशिकची हॉटेलं दाखवली.
'हाऊ येडा शे,' ती म्हणाली,
आणि भाकरी थापायला गेली.

पावणेतीन. बाहेर सेहेचाळीस.
पडद्यावर पाटी आली:
फोन गरम झाला आहे, थंड होऊ द्या.
दोनदा वाचली.
असल्याच मे महिन्यांत डिझेलच्या पोटात शिरून
मी नट कसलेत, पाठ पत्र्याला चिकटायची,
माझ्या कपाळावर ही पाटी
कुणी लावली नाही.
ओल्या पंच्यात गुंडाळून त्याला माठाशेजारी निजवला.
'तुमना एवढा लाड कधी व्हयना नही,'
ती तव्याकडे बघत म्हणाली.

रात्री तो विचारत सुटला.
टॉर्चला माझ्या सोयऱ्यांची नावं हवीत, देऊ?
पंचांगाला माईक हवा, देऊ?
मी कुठं आहे ते हवामानाला कळवू, नेहमी की एकदाच?
नेहमी की एकदाच!
मला कुणी विचारलं होतं,
पोरीच्या लग्नाच्या आदल्या रात्री शिफ्ट लावू का,
खंडव्याला पाठवू का?
मी 'नको'वर बोट ठेवलं.
परत विचारलं, परत नको.
अंधारात अकरा वेळा नको म्हणालो
आणि अकराव्याला मोठ्यानं हसलो.
'कोनासंगे बोली राहिनात?' पलीकडून आवाज.

मग तो म्हणाला, आता कुलूप लावा,
चार आकडे टाका.
बोटं माझ्याआधीच गेली.
दोन, सात, एक, चार.
टोकन नंबर.
पडदा बंद झाला, आणि मी बराच वेळ
त्या काळ्या काचेत बघत राहिलो.
दुसरं काही सुचलं नसतं का?
तिची जन्मतारीख, पोरीची?
बदलता येतं म्हणे. सकाळी बघू.

सकाळी साडेचारला त्यानं उठवलं.
अलार्म मी लावला नव्हता.
किंवा लावला असेन.

निकालाच्या रकान्यात फिट लिहावं
तर दुपारी तो माठाशेजारी झोपतो.
अनफिट लिहावं तर माझंही वय झालंय.
तपासणाऱ्याची सही केली.
त्याखाली वरिष्ठांची जागा. तिथं आता कोण?
पेन द्वारकाकडे सरकवलं.
तिनं वर काय आहे ते वाचलंच नाही,
त्या कोऱ्या चौकटीत
ह्या महिन्याचं दळण लिहिलं:
ज्वारी दहा किलो, कळणा पाच,
गिरणीवाल्याकडे सुटे आठ रुपये बाकी.