चार भागिले दहा

रुवीच्या मागच्या गल्लीत, पाट्यांच्या दुकानात
सोळा वर्षं मी अ‍ॅक्रिलिक कापतोय.
दाताचा डॉक्टर, शावरमा, सोन्याचे दागिने,
'इथे गाडी लावू नये'.
कापताना सुटणारा गोडसर जळका वास
जेवतानाही बोटांना असतो.

मार्चमध्ये शम्सा आली. काखेत लांबडी नळी,
नळीत दहा कागद, दहाही एकाच चित्राचे.
म्हणाली, काच नको. पाच मिलिमीटर अ‍ॅक्रिलिक,
कडा आरशासारख्या.
ना दुकान ना गॅलरी. स्वतः रंगवते, छापून घेते
आणि गाडीच्या डिकीतून विकते.

मी एक कागद उलगडला.
गुलाबी भिंत. खिडकीतला एसी. खाली
ठिबकून ठिबकून उतरलेला हिरवट ओघळ,
ओघळाच्या तळाशी तेलाचा डबा,
डब्यात पुदिना.

डबा गुलजमानचा.
भिंत आमच्याच खोलीची, मागची बाजू.
तो पेशावरला कायमचा गेला त्याच आठवड्यात
झाडलोट करणाऱ्यांनी डबा उचलून नेला.
यातलं तिला काही बोललो नाही.
म्हटलं, गुरुवारी या.

वरची फिल्म सोलली की अ‍ॅक्रिलिक
लग्नघरासारखं धुळीला बोलावत सुटतं.
दार लावलं, पंखा बंद केला, ओली फरशी.
तरी चौथ्यात एक कण राहिलाच,
मोहरीहून बारीक, पुदिन्याच्या जरा वर.

तिला तो दारातूनच दिसला.
हे विकता नाही यायचं, म्हणाली, तुम्हीच ठेवा.
मी म्हटलं, नाही.
नंबर घाला. सही करा. किंमत घ्या.

शीट साडेसहाची. गोंद, मजुरी धरून अकरा रियाल,
हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक?
तिची किंमत पंचाहत्तर.
मधल्या चौसष्टांचा हिशेब मी विचारला नाही,
तिनेही सांगितला नाही.
तीन हप्ते ठरले.
पाठीवर तिने अरबीत लिहिलं चार भागिले दहा.
तिकडचा चार म्हणजे पाठ फिरवून बसलेला तीन.

खोलीत खिळा ठोकायला मालकाची मनाई.
म्हणून चित्र फ्रीजवर, तांदळाच्या पिशवीला टेकून.
फोनवर मंदाकिनी म्हणाली,
भिंत? भिंतीवर लावायला भिंतच आणली?
केवढ्याला?
वीस, मी म्हटलं.
वीससुद्धा जास्तच झाले, ती म्हणाली.

रात्री ट्यूब लावली की त्यात सगळी खोली उमटते,
तीन खाटा, दोरीवरचे शर्ट, माझं बनियन.
दोन पावलं डावीकडे सरकलं
की मी निघून जातो, पुदिना उरतो.

गुलजमानच्या खाटेवर आता मुन्नीलाल.
आल्यापासून त्या कणावर बोट घासतोय.
आतून आहे तो, मी सांगतो, नाही निघायचा.
बरं म्हणतो,
आणि शर्टाच्या टोकाला थुंकी लावून
पुन्हा पुसायला घेतो.