लाल चिंधीची खुंटी

सहाची बस चुकली की पुढची सहा पस्तीसला.
बॅरोमध्ये समुद्रावरून येणारा वारा
थांब्याच्या काचेला विचारत नाही, सरळ आत शिरतो.
हॉस्पिटलच्या लाँड्रीतून सुटलेली मी,
हातांना अजून वाफेचा वास,
आणि समोर कुंपणापलीकडे
दिव्यांच्या पिवळ्या उजेडात मैदान.
मैदानात ती.

पहिल्यांदा वाटलं, गोफण फिरवतेय.
तारेच्या टोकाला लोखंडी गोळा,
चार गिरक्या, आणि सोडून देणं.
मंगळवेढ्याला आत्या माळ्यावर चढून
अशीच फिरायची. नाही, आत्या उभीच असायची,
फिरायचा फक्त हात, ज्वारी हुरड्यात आली की.
इथे ना ज्वारी ना पाखरं.
दोन सीगल होते, तेही तिला भीत नव्हते.

नाव नंतर कळलं, मोरीनच्या भाचीच्या वर्गातली.
ताम्सिन पॉसलथ्वेट.
आडनाव माझ्या जिभेवर तीनदा आपटतं.
वय सोळा. बाप शिपयार्डात वेल्डर,
शनिवारी तोच गोळा वेचून आणतो,
कुत्रा त्याच्या मागे मागे.

गवतात दोन खुंट्या.
पांढरी, आजवर जिथे पोचला तिथे.
दुसरी लाल चिंधीची, चार ढांगा पुढे.
त्या चार ढांगांत
ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला,
गोळ्याने पाडलेले खळगे
पाण्याने भरले, गोठले, पुन्हा फुटले.
मी रोज मोजायचे. उगाच.
पांढरी अर्ध्या वितीने सरकली त्या दिवशी
मोरीनला चहा पाजला,
का ते सांगितलं नाही.

आता हेही सांगायला हवं,
ड्रायव्हिंगच्या परीक्षेत मी चार वेळा नापास.
वय त्रेपन्न. राउंडअबाउट आला की
माझ्या डोक्यात सगळे रस्ते एकदम भांडायला लागतात.
मुलगा लीड्सहून म्हणतो, आई, कशाला? बस आहे की.
बस आहे. हो.
सहा पस्तीसला.

जानेवारीत ती तीन आठवडे दिसलीच नाही.
मग एका शनिवारी आली, खांद्यावर निळी पट्टी चिकटवून.
चालत गेली लाल खुंटीपाशी.
मी रस्ता ओलांडून कुंपणाला नाक लावलेलं.
तिने खुंटी उपटली
आणि मागे आणली.
पांढरीच्याही मागे. बरीच मागे,
जवळजवळ पिंजऱ्याच्या तोंडाशी.
टाचेने ठोकली.

मला राग आला. खरंच आला.
इतके महिने मी काय मोजत होते?
माझी बस आली, थांबली, गेली.
मी हललेच नाही.

पहिली फेक जाळीत.
दुसरी खुंटीच्या अलीकडे. तिसरीही.
आठवी पडली
त्या जवळच्या, लाजिरवाण्या खुंटीच्या
तसूभर पुढे,
आणि ती बापाकडे बघून अशी ओरडली
की कुत्रा भुंकायला लागला.
मग गेली, खुंटी उपटली,
एक ढांग पुढे.
फक्त एक.

रात्री मी शिकवणाऱ्या मिस्टर ॲडेयेमींना लिहिलं,
परीक्षेची तारीख रद्द करा.
रविवारी सकाळी सातला, रहदारी नसताना,
एकच राउंडअबाउट.
सुपरमार्केटमागचा, लहान.
त्यांनी अंगठा पाठवला.

मोरीन म्हणते, सिगारेट सोडायची.
मी म्हटलं, सोडू नकोस, दुपारची एक तेवढी ठेव बाजूला.
तिने माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी त्या दिवशी कुंपणातून पाहिलं होतं.
तरी गेल्या गुरुवारी दुपारी
ती अंगणात नुसतीच उभी होती, खिशात हात घालून.

ताम्सिनला यातलं काही ठाऊक नाही.
तिच्यासाठी मी थांब्यावरची जांभळ्या टोपीची बाई.
काल मात्र तिने हात केला.
पिशव्या खाली ठेवून मी हात वर करेपर्यंत
तिची पहिली गिरकी
सुरू झाली होती.